खालून कापलेल्या पाच ओळी

विजया, तू मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेलीस. परळच्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर. तुझा भाऊ सुहास खोलीत होता, मी नव्हते. मला त्याचा फोन सहा पंचविसाला आला. दुपारी साडेबारापर्यंत भोईवाड्याच्या स्मशानातलं सगळं आटोपलं होतं.

तुझी नोकरी, तुझी शाळा, झालेले सत्कार मी इथं लिहीत नाही. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे. ते सहा वर्षं चाललं आणि तू गेलीस तेव्हा मिटलेलं नव्हतं. तेरा वर्षांच्या एका मुलीच्या लेखातल्या शेवटच्या पाच ओळी मी कापल्या होत्या. त्या परत छापायचं तू तिला कबूल केलं होतंस. पुस्तकाची दुसरी आवृत्ती आता निघते आहे, आणि त्या ओळी कोणाकडेच नाहीत.

आपली ओळखही माझ्या चुकीमुळेच झाली. मी तेव्हा वार्ताहर होते. परळच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीत, चित्रकलेच्या एक बाई रविवारी मुलांना जुन्या रबरी चपलांचे तळवे कोरून ठसे करायला शिकवतात, एवढ्या माहितीवर मला पाठवलं होतं. मी दोनशे शब्द लिहिले. ते छापून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कात्रण घेऊन ऑफिसात हजर.

"अकरा मुलं होती. तुम्ही बारा लिहिलंय."

"बाराव्या तुम्ही," मी म्हणाले.

"मी मूल नाही."

"ठसे तर तुम्हीही मारत होतात. हाताला शाई होती."

तू स्वतःचे हात बघितलेस. शाई अजून होती. मग तू खुर्ची ओढून बसलीस आणि मला चहा मागवावा लागला. पुढे मी बातम्या तपासायला डेस्कवर गेले, तेव्हापासून तू मला नावानं हाक मारणं सोडलंस. "काय गं डेस्क, आज कोणाचं काय उडवलंस?" असा फोन यायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्यांनाही तुझा आवाज ओळखू यायचा.

तुझ्या वर्गात दोन नियम होते. नाव कागदाच्या मागं लिहायचं. आणि कोणाच्याही चित्राला 'छान' म्हणायचं नाही, त्यात काय दिसतंय ते सांगायचं. दुसरा नियम मला लगेच पटला, कारण आमच्या कामातही तोच होता. एकदा एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, घोडा बिघडला."

"घोडा कुठाय? मला कुत्रा दिसतोय. कान उभे आहेत. म्हणजे जिन्यावर कोणीतरी आलंय."

"कोण आलंय?"

"मला काय माहीत? तू काढ."

त्यानं पोस्टमन काढला. मग पोस्टमनच्या मागे स्वतःची आई काढली. मी दारात उभी राहून हे बघितलं आहे.

एक वडील मुलाला सोडायला आले होते. त्यांनी विचारलं, "याचे मार्क धरतात का?" तू म्हणालीस, नाही. "सर्टिफिकेट?" नाही. "मग मिळतं काय?" तू म्हणालीस, "तुम्हाला रविवारी दोन तास शांतता." पुढच्या आठवड्यात त्यांनी धाकट्यालाही पाठवलं.

या वर्गातून तुझी चार पुस्तकं आली. बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी, हातानं करायच्या गोष्टींची. पहिलं स्वयंपाकघरातल्या रंगांचं: हळद, बीट, उकळलेली चहाची पावडर. दुसरं चपलांच्या ठशांचं. तिसरं खिडकीतून दिसतं तेवढंच काढण्याचं. चौथं स्वतःचा हस्तलिखित अंक काढण्याचं. चारही मी संपादित केली. एकदाही तू मजकूर वेळेवर दिला नाहीस. तो यायचा परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या पाठीवर, मध्ये बाण, बाणाच्या टोकाला 'पुढचं मागे आहे'. कुठल्याच पुस्तकात तू पूर्ण झालेलं नमुन्याचं चित्र दिलं नाहीस. "नमुना दाखवला की चाळीस पोरं तोच काढतात." प्रत्येक पुस्तकात अर्धं पान कोरं सोडायला लावलंस, मुलांना बिघडवायला. मी म्हणाले, लोकांना वाटेल छपाई चुकली. तू म्हणालीस, "वाटू दे. मोठ्या माणसांसाठी नाहीये ते." कोरं पान राहिलं. मला एका गावाहून एक प्रत परत आलेली आठवते. त्या अर्ध्या पानावर कोणीतरी पेननं बैल काढला होता आणि तो खोडून पुन्हा बैलच काढला होता. तू ती प्रत ठेवून घेतलीस आणि पाठवणाऱ्याला नवी पाठवलीस.

चौथ्या पुस्तकात मुलांची खरी पानं घ्यायची ठरलं. लालबागच्या सानिकाचं पान एकसष्टवर आलं. वर तिच्या घराचा नकाशा, दहा बाय बाराची खोली, कोण कुठे झोपतं ते नावासकट. खाली एकवीस ओळींचा मजकूर. तू तेव्हा शाळेच्या परीक्षांत अडकली होतीस. प्रूफं मी बघते, असं मीच तुला म्हणाले.

दादरला प्रकाशकांच्या ऑफिसात पानं लावणारा माणूस म्हणाला, "मॅडम, एकसष्टला पाच ओळी जास्त होतायत."

मी म्हणाले, "खालच्या काढ."

बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, कमी महत्त्वाचं त्याच्या खाली. जागा कमी पडली की शेपूट उडवायचं, ते वाचायचीही गरज नसते. मी तीस वर्षं हे केलं होतं. सानिकाचा मजकूर टाइप होऊन आला तेव्हा मी तो एकदा पूर्ण वाचला होता. कापताना वाचला नाही. मुलांचे मूळ कागद एका पाकिटात होते. पानं छपाईला गेल्यावर मी ते पाकीट रद्दीत टाकायला आणि टाइप केलेला मजकूर पुसायला सांगितलं. छापून झालेला मजकूर साठवायचा नाही, ही माझी दुसरी सवय.

पुस्तक आलं त्या रविवारी तू मंडळाच्या खोलीत प्रती वाटल्यास. मी होते. सानिकानं तिचं पान उघडलं, ओळींवर बोट फिरवत तळापर्यंत गेली, मग पान उलटून मागं बघितलं. प्रत बाकावर ठेवली आणि निघून गेली. मला वाटलं, घरी काही काम असेल. तू तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होतीस. नंतर तू बाकावरची प्रत उचललीस.

संध्याकाळी तुझा फोन आला. तू 'काय गं डेस्क' म्हणाली नाहीस.

"तू खालून कापलंस?"

"पाच ओळी. पान भरत होतं."

"तिथंच होतं सगळं."

"सोळा ओळी ती कपाट, टीव्ही आणि मोरी सांगतेय. महत्त्वाचं असतं तर वर लिहायला हवं होतं."

"तेरा वर्षांची मुलगी महत्त्वाचं वर लिहीत नाही गं. ती आधी कपाट सांगते. मग टीव्ही सांगते. मग बघते, तू अजून ऐकतेयस का."

मी म्हणाले, पान भरत होतं. तू फोन ठेवलास.

मी पुस्तक काढून नकाशा बघितला. त्यात पाच नावं आहेत: पप्पा, मम्मी, आजी, दोन भाऊ. घरात माणसं सहा. सहावी कुठे, ते खालच्या पाच ओळींत होतं. एवढं मला कळलं. काय होतं ते आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "मी नाही सांगणार. तू वाचलं होतंस. आठव."

सहा वर्षं तू हेच म्हणत राहिलीस. आपण बोलणं सोडलं नाही. गणपतीत तू माझ्याकडे गिरगावात जेवायला यायचीस, मी तुझ्या वर्गाच्या प्रदर्शनाला यायचे. पण दोन-तीन महिन्यांनी कुठूनतरी विषय निघायचा आणि तू म्हणायचीस, "आठवलं का?" मी म्हणायचे, रोज साठ बातम्या कापणाऱ्या माणसाला एक पान कसं आठवेल? तू म्हणायचीस, "पान नाही. मुलगी." एकदा रागानं मी म्हणाले की वर्गात सानिका पुन्हा दिसली नाही, तिलाही त्या ओळींचं फारसं काही नसेल. तू माझ्याकडे बघितलंस आणि ताटातली कोशिंबीर संपवलीस. त्या बघण्याचा अर्थ मला आता लागला आहे.

मी 'पान भरत होतं' हे वाक्य किती वेळा म्हणाले, याची नोंद नाही. 'माझं चुकलं' हे एकदाही म्हणाले नाही, याची खात्री आहे.

तू आजारी पडलीस त्याच सुमारास प्रकाशकांनी दुसऱ्या आवृत्तीचं कळवलं. आपलं शेवटचं बोलणं तू गेलीस त्याच्या आधीच्या रविवारी झालं, रुग्णालयात, दुपारी चारच्या सुमारास. तू विचारलंस, कव्हरला निळा कुठला घेतला. मी मोबाइलवर दाखवला.

"शाळेच्या युनिफॉर्मसारखा दिसतोय. पोरं हात लावणार नाहीत."

"मग कुठला?"

"केरोसीनच्या ज्योतीच्या खालचा असतो ना, तो."

"आता कोणाकडे आहे केरोसीन?"

"तुझ्याकडे आठवणीसुद्धा नाहीत," तू म्हणालीस आणि हसलीस. हसल्यावर तुला खोकला आला. मी पाणी दिलं. एकसष्टाव्या पानाचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. मला वाटलं, बरी झालीस की बोलू.

शनिवारी मंडळाच्या खोलीत तुझी शोकसभा झाली. बाक पुरले नाहीत, मागचे लोक गॅलरीत उभे होते. तुझ्या जुन्या मुलांपैकी काही जण स्वतःची मुलं घेऊन आले होते. कोणी भाषण लांबवलं नाही. सभा संपल्यावर एक मुलगी चपला घालत होती, ती थांबून माझ्याजवळ आली.

"मॅडम, ओळखलंत? मी सानिका. एकसष्ट नंबर."

ती आता एकोणीस वर्षांची आहे. मी म्हणाले, हो.

"मी यायचं नाही असंच ठरवलं होतं. मम्मी म्हणाली, जा, माणूस गेल्यावर कसला राग धरतेस."

"कोणाचा राग?"

"बाईंचा. त्यांनी माझं कापलं ना."

तिला वाटलं, मला माहीत नसेल. तिनं सांगितलं. पुस्तक वाटलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी तू तिच्या घरी गेली होतीस. तिचे वडील नुकतेच कामावरून आले होते. ते म्हणाले, "बाईनू, एवढ्यासाठी कित्याक इलात?" तू बसलीस. तिच्यासमोर, तिच्या आईवडिलांसमोर म्हणालीस, "पान पुरत नव्हतं, मी शेवट कापला. माझं चुकलं. तू मला पुन्हा लिहून दे, पुढच्या आवृत्तीत मी जसंच्या तसं घालते." सानिका म्हणाली, आठवत नाही.

"आठवत होतं," ती मला म्हणाली. "अख्खं पाठ होतं. मुद्दाम नाही दिलं. बाई दोनदा रस्त्यात दिसल्या, मी पलीकडे गेले. एकदा भारतमाता थिएटरच्या सिग्नलला त्यांनी हात केला. मी मोबाइल बघितला."

मी म्हणाले, "हो का?"

एवढंच म्हणाले. सुहास मला हाक मारत होता, मी त्याच्याकडे गेले. मी परत वळले तेव्हा ती गेली होती.

तू असं का केलंस? प्रूफं तू माझ्यावर सोडली होतीस म्हणून, हा एक अंदाज. रागावायला त्या मुलीला समोर एक माणूस हवा होता, आणि मी तिथं जाणार नाही हे तुला माहीत होतं, हा दुसरा. दोन्हींना दुजोरा नाही. दुजोरा एवढ्याच गोष्टीला आहे की सहा वर्षांच्या भांडणात 'तुझा दोष मी माझ्यावर घेतला' हे एक वाक्य तुला कधीही काढता आलं असतं, आणि मी गप्प झाले असते. तू ते काढलं नाहीस. कोशिंबीर संपवलीस.

रविवारी मी सुहासकडून तुझ्या वह्या मागून घेतल्या. सात आहेत. पहिलीत चपलांच्या ठशांची चित्रं, तिसरीत मुलांची नावं आणि कोणाला कात्री द्यायची नाही त्याची यादी. एका पानावर माझं चित्र आहे. मी लाल पेन घेऊन बसले आहे आणि माझ्यासमोर माणसांची रांग, प्रत्येकाचे पाय गुडघ्यापासून गायब. खाली तारीख नाही. मी ते बराच वेळ बघत बसले. सातही वह्या मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. मागची कव्हरंही बघितली. सानिकाच्या ओळी त्यांत नाहीत.

बुधवारी दुपारी साडेचारला मी लालबागला गेले. सानिका कॉलेज करून एका डेंटिस्टकडे संध्याकाळची रिसेप्शनवर बसते. पेशंट पाचनंतर येतात. ती टेबलावर वही उघडून बसली होती. मला बघून तिनं वही मिटली.

मी उभ्यानंच सांगितलं. "तुझ्या ओळी बाईंनी कापल्या नाहीत. मी कापल्या. बाईंना पुस्तक छापून आल्यावर कळलं."

तिनं मला बसा म्हटलं नाही.

"मग त्या घरी कशाला आल्या होत्या?"

"माहीत नाही. मला त्यांनी सांगितलं नाही. मला शनिवारी तुझ्याकडून कळलं."

"शनिवारी तुम्ही माझ्यासमोर होतात."

"हो."

"तेव्हा का नाही बोललात?"

मी सांगितलं की धीर झाला नाही.

"सहा वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही, मॅडम."

"हो."

"त्या आजारी आहेत हे पण मला माहीत होतं. आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. मम्मी बघायला जाऊन आली. मी नाही गेले."

आतून डॉक्टरांनी कोणाची तरी फाइल मागितली. ती उठून देऊन आली. परत आल्यावर डोळे पुसले होते, पण आवाज सरळ होता.

मी विचारलं, त्या ओळी आता आठवतात का.

"नाही. खरंच नाही. बाहेर कुठेतरी बसण्याचं होतं. गॅलरीत की जिन्यात, ते पण नक्की नाही. आणि आता बनवून लिहिणार नाही मी. ते तेरा वर्षांच्या मुलीचं होतं. मी कशी लिहू?"

"चित्र काढतेस अजून?"

"नाही. अपॉइंटमेंटच्या वहीत कधीतरी दात काढते. डॉक्टर ओरडतात." मग तिनं विचारलं, "तुमच्या पेपरात काही चुकलं की काय करायचे?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची. आतल्या पानावर, छोटी."

"मग छापा. पण आतल्या पानावर नाही. माझ्याच पानावर. आणि बाईंचं नाव त्यातून काढा. म्हणजे, त्यांनी नाही केलं असं लिहा. आणि तुमचं घाला."

मी तिथंच, तिच्या टेबलावर, तिनं दिलेल्या कागदावर लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'जागेअभावी' असा शब्द होता. तिनं वाचून त्यावर बोट ठेवलं. "हे कशाला?" मी तो काढला. दुसऱ्या मसुद्यात 'अनवधानानं' होतं. तिनं विचारलं, "अनवधानानं म्हणजे चुकून ना? तुम्ही तर काढ म्हणालात." मी तोही काढला. तिसरा मसुदा ती दोनदा वाचून म्हणाली, ठीक आहे.

गुरुवारी सकाळी मी दादरला गेले. पानं लावायला आता दुसरा माणूस आहे. दुरुस्ती अशी आहे:

'या लेखाच्या शेवटच्या पाच ओळी पहिल्या आवृत्तीच्या वेळी संपादक शैलजा यांनी कापल्या. विजयाबाईंनी त्या कापल्या नाहीत व त्यांना ते आधी माहीत नव्हतं. मूळ कागदही संपादकांनीच रद्दीत घातला. त्या ओळी आता उपलब्ध नाहीत.'

मी प्रूफाचा फोटो सानिकाला पाठवला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिचं उत्तर आलं: 'वाचलं. चालेल.' पान एकसष्ट दुपारी तीनला छपाईला गेलं. टीप बसावी म्हणून नकाशा एक इंचानं लहान केला. सोळा ओळी, एक ओळ मोकळी, खाली चार ओळींची दुरुस्ती. सगळं बसलं. नकाशातली पाचही नावं वाचता येतात.